डब्ल्यूएक्स पायथनच्या (विंडो असलेले प्रोग्राम लिहायच्या पायथन लायब्ररीच्या) ग्रिडमध्ये २०,००० ओळी भरल्या की विंडो उघडायला फार वेळ लागतो. एक्सेलसारखी ग्रिड नीट कशी कॉन्फिगर करायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०,००० ओळी, १२ कॉलम, क्रिएटग्रिड करून लूपमध्ये सेटसेलव्हॅल्यू, त्याच लूपमध्ये प्रत्येक सेलला रीड-ओन्ली, रंग आणि अलाइनमेंट, शेवटी ऑटोसाइझकॉलम्स. वेळ लागणारच. एवढंच असतं तर दोन ओळी लिहून पुढे गेलो असतो. पण खाली तुम्ही सहज लिहून गेलात की 'कधीकधी शेवटी भरलेला आकडा सेव्ह होत नाही, पण ती बहुतेक युजरची चूक असावी.'

ती युजरची चूक नाही. त्या माणसाला काही बोलून बसला असाल तर आधी माफी मागा, कोडचं नंतर बघू.

(फंक्शनांची नावं देवनागरीतच लिहितोय. मोबाइलवर दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा वैताग येतो. कागदपत्रात शोधताना ओळखू येतील.)

मी नोकरीला लागून दीडेक वर्ष झालं होतं. उपकरणांच्या कॅलिब्रेशनची रीडिंग्ज भरायचा एक प्रोग्राम होता, मूळ लिहिलेला आमच्या सरांनी. त्यांची ग्रिड तुमच्यासारखीच. डेटा सेलमध्येच राहायचा, सेव्ह करताना सगळे सेल एकेक करून वाचायचे, स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, आकडा करायचा आणि फाइलमध्ये टाकायचा. मी आल्या दिवसापासून म्हणत होतो की डेटा वेगळा ठेवा, ग्रिडला फक्त दाखवू द्या. सरांचं उत्तर ठरलेलं. "डेटा ग्रिडमध्ये दिसतोय ना? मग तोच दुसरीकडे कशाला पोसायचा?" हा वाद आमच्यात इतक्या वेळा झाला की बाकीचे विषय निघायच्या आधीच उठून जायचे.

रीडिंग्ज भरायला ताई होत्या. नंबरपॅडवर त्यांचा हात असा चालायचा की नजर कागदावरून हलायची नाही. त्यांची तक्रार होती की शेवटचा आकडा राहतो. दर वेळी नाही, पण राहतो. सरांनी बसून पाहिलं, स्वतः चार आकडे भरले, चारही सेव्ह झाले. "तुम्ही एंटर दाबत नसाल," म्हणाले. ताई म्हणाल्या, "एंटर दाबायचा असतो हे लिहिलंय कुठे?" दुसऱ्या दिवशी ते लिहिलं गेलं. मॉनिटरच्या कडेला कागद चिकटला, 'सेव्ह करण्याआधी एंटर दाबावा.' प्रोग्राममधला दोष कागदावर लिहून भिंतीला लावला की तो दोष राहत नाही, नियम होतो.

मग एक अहवाल शेवटच्या रकान्यात जुनाच आकडा घेऊन बाहेर गेला आणि परत आला. ठपका अर्थातच ताईंवर. मी तावातावाने म्हणालो की हे सगळं डेटा ग्रिडमध्ये ठेवल्यामुळे होतंय, मला एक आठवडा द्या. सरांनी दिला. मी सगळं ग्रिडटेबलबेसवर नेलं, म्हणजे डेटा बाहेर ठेवून ग्रिडला लागेल तसा पुरवणाऱ्या टेबलाच्या क्लासवर. विंडो झटक्यात उघडायला लागली, स्क्रोल मऊ झाला, कोड निम्मा झाला. सगळ्यांना बोलावलं. ताईंनी आकडे भरले, वरच्या सेव्हच्या आयकॉनवर क्लिक केलं, फाइल पुन्हा उघडली. शेवटचा आकडा नव्हता.

सर काही बोलले नाहीत. मॉनिटरवरचा कागद एका कोपऱ्यात सुटत आला होता, तो त्यांनी अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवला.

त्यानंतर मी जे करायला हवं होतं ते केलं. ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून अख्खी दुपार बसलो. त्या म्हणाल्या, "आधी असं व्हायचं नाही. वर ती चित्रं आली ना, तेव्हापासून होतंय." हे त्या आधीही बोलल्या होत्या. आम्ही ऐकलं होतं, पण ऐकलं नव्हतं. चित्रं म्हणजे टूलबार.

प्रकार असा आहे. सेलमध्ये टाइप करताना तुम्ही सेलमध्ये टाइप करतच नसता. ग्रिड त्या जागेवर एक वेगळा टेक्स्ट कंट्रोल आणून ठेवते आणि संपादन संपेपर्यंत आकडा त्या कंट्रोलच्या पोटात असतो. एंटर, टॅब किंवा दुसऱ्या सेलवर क्लिक झालं की संपादन संपतं आणि आकडा टेबलात उतरतो. साधं बटण दाबलं तर फोकस बटणाकडे जातो, एडिटरचा फोकस सुटतो, आणि ग्रिड तेवढ्यावरही संपादन आटोपतं घेते. टूलबारचा आयकॉन मात्र फोकस घेत नाही. एडिटर उघडाच राहतो, तुमचं सेव्ह टेबल वाचतं, टेबलात जुना आकडा. पूर्वी सेव्हचं बटण खाली होतं, म्हणून ताईंचं सुरळीत चालायचं. सर आणि मी सवयीने एंटर मारायचो, म्हणून आम्हाला दोष दिसायचा नाही.

आणि खालचं बटण काढून टूलबार कोणी आणला होता? मी. छान दिसतं म्हणून.

उपाय एका ओळीचा. सेव्हच्या फंक्शनची पहिली ओळ डिसेबलसेलएडिटकंट्रोल. टूलबारच्या हँडलरमध्ये टाकू नका, सेव्हच्याच फंक्शनमध्ये टाका, कारण मेनूच्या शॉर्टकटने सेव्ह केलं तरी हीच गत. विंडो बंद करताना 'बदल सेव्ह करायचे का' विचारता, त्याच्याही आधी हीच ओळ, नाहीतर बदल झालाय हेच प्रोग्रामला कळणार नाही. एक खाच अजून. सेलचेंजिंग इव्हेंटमध्ये (तो आकडा बदलण्याच्या बेतात असताना येतो) तुम्ही चुकीचा आकडा व्हीटो करत, म्हणजे नाकारत असाल तर ही ओळ चालल्यावर जुना आकडा तसाच राहतो आणि सेव्ह बिनबोभाट पुढे जातं. व्हीटो झाला की एक खूण ठेवा आणि सेव्ह तिथेच थांबवा. हे मला नंतर कळलं, तेही ताईंकडूनच.

आता तुमचा खरा प्रश्न. क्रिएटग्रिड केलं की आत स्ट्रिंगचं टेबल तयार होतं. तुमचे आकडे, होय-नाही, सगळं स्ट्रिंग होऊन बसतं. सेलला सेल सेटरीडओन्ली केलं की प्रत्येक सेलसाठी एक ॲट्रिब्यूट (रंग, रीड-ओन्ली वगैरे लिहून ठेवणारी नोंद) तयार होतो. तुमच्या हिशेबाने २,४०,००० सेल. जुन्या आवृत्त्यांत ही यादी सुरुवातीपासून एकेक करत शोधली जायची, म्हणजे ओळी दुप्पट केल्या की वेळ चौपट. शिवाय ऑटोसाइझकॉलम्स प्रत्येक सेलचा मजकूर मोजत बसतं. बिगिनबॅच आणि एंडबॅच लावा असं कुणीतरी सांगेलच. लावा, पण त्याने फक्त मधलं पुन्हा पुन्हा रंगवणं थांबतं, बाकीची मजुरी तशीच.

त्याऐवजी ग्रिडटेबलबेसवरून तुमचा क्लास काढा. गेटनंबररोज, गेटनंबरकोल्स, गेटव्हॅल्यू, सेटव्हॅल्यू ही चार लिहिली की ग्रिड उभी राहते. डेटा तुमच्या साध्या लिस्टमध्ये. ग्रिड पडद्यावर जेवढ्या ओळी दिसतात तेवढ्यांसाठीच गेटव्हॅल्यू विचारते, म्हणून २०,००० काय आणि दोन लाख काय. सेटटेबल करताना मालकी ग्रिडला द्या किंवा टेबल सेल्फवर, म्हणजे विंडोच्या ऑब्जेक्टवर, धरून ठेवा. लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलंत तर पायथन ते साफ करेल आणि ग्रिड हवेत हात घालेल. क्रिएटग्रिडची ओळ मग काढून टाका, दोन्ही ठेवू नका.

फॉरमॅटसाठी गेटटाइपनेम. कॉलम आकड्यांचा असेल तर ग्रिडव्हॅल्यूफ्लोट, आणि पुढे विसर्गासारखे दोन ठिपके देऊन रुंदी व दशांशस्थळं, उदाहरणार्थ ६,२. होय-नाहीचा असेल तर ग्रिडव्हॅल्यूबूल, चेकबॉक्स आपोआप येतो. सोबत कॅनगेटव्हॅल्यूॲज आणि कॅनसेटव्हॅल्यूॲज लिहा, नाहीतर आकडा आकडा म्हणून विचारलाच जाणार नाही. आकड्यांचे रेंडरर (सेल रंगवणारे) उजवीकडेच लिहितात, अलाइनमेंटची वेगळी कसरत नको.

रीड-ओन्ली आणि रंग कॉलमवर लावा, सेटकोलॲट्र वापरून. १२ कॉलमचे जास्तीत जास्त १२ ॲट्रिब्यूट. एखाद्या सेलला वेगळं हवं असेल तर सेलचा ॲट्रिब्यूट कॉलमच्या वरचढ ठरतो. एकच ॲट्रिब्यूट चार कॉलमना वाटू नका, प्रत्येकाला नवा करा. त्याची रेफरन्स मोजणी (तो किती ठिकाणी वापरात आहे याचा हिशेब) चुकली की सगळं छान चालतं आणि विंडो बंद करताना प्रोग्राम कोसळतो. हा दोष शोधायला मी एक अख्खा शनिवार घालवला आहे.

कॉलमची रुंदी हाताने द्या, सेटकोलसाइझ. तुमचा डेटा तुम्हाला माहीत आहे, ग्रिडला मोजायला का लावता? ओळींची उंची सगळ्यांना एकच असू द्या, सेटडिफॉल्टरोसाइझ, आणि ड्रॅग करून उंची बदलणं बंद करा. डावीकडचे ओळींचे आकडे नको असतील तर सेटरोलेबलसाइझला शून्य.

टेबलात ओळ वाढवली की ग्रिडला आपणहून कळत नाही. ग्रिडटेबलमेसेज तयार करून प्रोसेसटेबलमेसेजला द्यावा लागतो. हे विसरलात तर नवी ओळ डेटात आहे, पडद्यावर नाही. सॉर्टचंही तसंच. हेडरवर बाण दाखवण्याचं काम ग्रिड करते, क्रम तुम्ही लावायचा. लिस्ट हलवू नका, क्रमांकांची एक वेगळी यादी ठेवून ती फिरवा. आणि पडद्यावरच्या ओळीचा नंबर म्हणजे नोंदीची ओळख असं समजून कधीही डिलीट करू नका. एवढ्या कारणासाठी तरी डेटा ग्रिडबाहेर ठेवायला हवा, हे मी सरांना सांगत होतो. दिसतं ते आणि असतं ते, या दोन वस्तू आहेत. गंमत म्हणजे ताईंच्या दोषानेच ते सिद्ध होत होतं, एडिटरमधला आकडा दिसत होता आणि डेटात नव्हता. पण त्या दिवशी मला हे बोलायला सुचलं नाही. आज सुचतंय, म्हणून इथे लिहितोय.

सर्च करताना जुनी उत्तरं जपून वापरा. डब्ल्यूएक्स पायथन ४.० हे २०१८ मध्ये आलं, त्याच्या आधीच्या उत्तरांत पायग्रिडटेबलबेस दिसेल, ते आता ग्रिडटेबलबेसच. २.८ च्या काळातला सेलचेंज इव्हेंट आता सेलचेंजिंग आणि सेलचेंज्ड असा दोन तुकड्यांत आहे. पहिल्यात गेटस्ट्रिंग नवा आकडा देतं, दुसऱ्यात जुना. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. तुमच्या ओळी दोनशे असत्या तर यातलं काहीही करायची गरज नव्हती. क्रिएटग्रिड, लूप, संपलं. सरांचा मूळ प्रोग्राम सुरुवातीला साठ-सत्तर ओळींचाच होता, आणि तेवढ्यासाठी त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कागद चिकटवणं चुकीचं होतं. आणि पुन्हा सांगतो, टेबल बदलल्याने आकडा गळणं थांबत नाही, ते मी सगळ्यांदेखत करून पाहिलं आहे. ती एक ओळ वेगळी टाकावीच लागते. तुम्ही मात्र ती आज टाका, ग्रिडचं काम पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल.

तारखांच्या कॉलमचंही तुम्ही विचारलं होतं. मी तारीख टेबलात वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाच्या मजकुरात ठेवतो, म्हणजे सॉर्ट आपोआप बरोबर लागतं, आणि गेटव्हॅल्यूमधून देताना उलटी करून दाखवतो. सेटव्हॅल्यूमध्ये परत सुलटी करायला विसरू नका.