मंदीत नव्या वैमानिकाची नोकरी किती सुरक्षित असते?

विमानवाहतुकीत मंदी आली की सर्वांत नव्या वैमानिकांनाच आधी घरी बसवतात हे खरे आहे का, आणि तसे असेल तर उड्डाणाचे शिक्षण पूर्ण करून या नोकरीत उतरावे का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर, निदान जिथे ज्येष्ठतेची पद्धत आहे त्या कंपन्यांपुरते, होय असे आहे. दुसऱ्याचे उत्तर तुम्ही कोणत्या कंपनीत, कोणत्या वेळी आणि डोक्यावर किती कर्ज घेऊन शिरता यावर अवलंबून राहील. मी प्रवासी विमाने चालवतो आणि मंदीची एकाहून अधिक आवर्तने नोकरीत असतानाच पाहिली आहेत.

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांची पद्धत आधी सांगतो, कारण फर्लोची, म्हणजे कपातीत वैमानिकाला बिनपगारी घरी बसवून पुढे परत बोलावण्याची, व्यवस्था तिथे सर्वांत काटेकोर रूपात आढळते. वैमानिक ज्या दिवशी रुजू होतो त्यावरून त्याला ज्येष्ठता यादीत क्रमांक मिळतो, आणि कोणते विमान, कोणता बेस (नेमणुकीचे शहर), कोणते रोस्टर (कामाचे वेळापत्रक), सुट्टी कधी, कॅप्टनपद केव्हा, हे सगळे त्या क्रमांकावर ठरते. कपातीची वेळ आली की हीच यादी खालून वर वाचली जाते. तुम्ही किती कुशल आहात किंवा सिम्युलेटरमधील तुमचे शेरे किती चांगले आहेत, याचा तिथे काहीही संबंध येत नाही. अनेकांना हे अन्यायकारक वाटते. मला मात्र इतर पर्यायांपेक्षा ते बरे वाटते, कारण हवामान बिघडले म्हणून उड्डाण रद्द करणाऱ्या वैमानिकाला त्या क्षणी वरिष्ठांच्या मर्जीचा आणि पुढच्या कपातीचा विचार करावा लागू नये.

फर्लोवर गेलेल्या वैमानिकाचा पगार थांबतो, परंतु यादीतील त्याचा क्रमांक राहतो, आणि बाहेरून नवी भरती करण्यापूर्वी अशा वैमानिकांना क्रमाने परत बोलावण्याचे बंधन कंपनीवर वैमानिक संघटनेशी केलेल्या करारामुळे असते. मात्र हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पंधरा वर्षे कॅप्टन राहिलेला माणूसही नव्या कंपनीत गेला की सहसा यादीच्या तळाशी, सहवैमानिकाच्या आसनावरून सुरुवात करतो. म्हणूनच भरभराटीच्या काळात थोड्या अधिक पगारासाठी कंपनी बदलताना आपण आपले संरक्षण शून्यावर आणत आहोत, हे ध्यानात ठेवावे लागते.

कपात कंपनीलाही स्वस्त पडत नाही, आणि ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. समजा, कंपनीने लांब पल्ल्याची मोठी विमाने उभी करून ठेवली. त्यांचे कॅप्टन ज्येष्ठ असल्यामुळे घरी जात नाहीत. ते लहान विमानांकडे येतात, तिथल्या कनिष्ठ कॅप्टनांना सहवैमानिकाच्या आसनावर ढकलतात, ते आणखी खालच्यांना हलवतात, आणि संगीत खुर्चीसारखा हा खेळ शेवटच्या माणसाला खुर्ची उरत नाही तोवर चालतो. यात विमानाचा प्रकार बदलणाऱ्या प्रत्येकाला त्याचे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान चालवण्याची परवानगी) घेण्यासाठी किंवा उजळणीसाठी काही आठवडे सिम्युलेटरमध्ये घालवावे लागतात, आणि त्या काळात तो पगार घेतो पण प्रवासी नेत नाही. म्हणून शहाणी कंपनी आधी भरती थांबवते, मग स्वेच्छेने बिनपगारी किंवा अंशतः पगारी रजा देऊ करते, पगाराच्या हमीचे किमान तास घटवते आणि लवकर निवृत्तीची योजना आणते. 2020 मध्ये डेल्टा या अमेरिकी कंपनीने 1,900 हून अधिक वैमानिकांना फर्लोवर पाठवण्याचा इरादा जाहीर केला होता. प्रत्यक्षात ज्येष्ठांची लवकर निवृत्ती आणि संघटनेशी झालेली तासकपातीची तडजोड यांमुळे तो टळला. ज्येष्ठांनी थोडे सोडले आणि कनिष्ठांची नोकरी वाचली, असे नेहमी घडत नाही. संघटनेतील बहुमत ज्येष्ठांचे असेल तेव्हा तर फारच क्वचित.

परत बोलावणे किती काळाने येते, हा तुमच्यासाठी खरा कळीचा प्रश्न आहे. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत हजारो वैमानिक फर्लोवर गेले. पाठोपाठ युनायटेड या विमानकंपनीने डिसेंबर 2002 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, 2005 मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट यांनी एकाच दिवशी तो केला, आणि पगार व निवृत्तिवेतन दोन्हींना कात्री लागली. परिस्थिती जरा सावरत असताना डिसेंबर 2007 मध्ये निवृत्तीचे वय 60 वरून 65 वर गेले. वरचे लोक पाच वर्षे हललेच नाहीत, आणि नेमक्या त्याच काळात, जुलै 2008 मध्ये, कच्चे तेल पिंपामागे 147 डॉलरवर पोचले व नंतर आर्थिक मंदी आली. काही वैमानिकांना परत बोलावले जाण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोवर त्यांच्यापैकी अनेकांनी दुसरे आयुष्य उभे केले होते.

याउलट 2020 ची घसरण कितीतरी खोल होती. जगातील प्रवासी वाहतूक 2019 च्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशाने घटली. तरीही अमेरिकी सरकारने वेतनासाठी दिलेल्या मदतीच्या अटीमुळे 30 सप्टेंबर 2020 पर्यंत सक्तीची कपात करता आली नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन आणि युनायटेड या विमानकंपन्यांनी मिळून सर्व विभागांतील सुमारे 32,000 कर्मचाऱ्यांना घरी पाठवले, डिसेंबरमध्ये मदत पुन्हा मंजूर होताच त्यांना परत घेतले, आणि 2022 पर्यंत तर वैमानिक पुरेना अशी अवस्था झाली. धक्का किती मोठा यापेक्षा निवृत्त होणाऱ्यांची संख्या, दिवाळखोरी आणि सरकारी पैसा या तीन गोष्टींवर फर्लोची लांबी ठरते, असे मी यावरून मानतो.

जिथे अशी यादी आणि परत बोलावण्याचा हक्क करारात नसतो, तिथे वैमानिकाचे रक्षण नोकरीचा करार करतो, आणि तो बहुधा दुबळा असतो. भारतात 2020 मध्ये वैमानिकांच्या वाट्याला प्रामुख्याने पगारकपात आणि बिनपगारी रजा आली. पण माझ्या मते खरी भीती फर्लोची नसून कंपनीच बंद पडण्याची आहे. पॅन अॅम 1991 मध्ये, किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली. त्यानंतर क्रमांक एक असलेला कॅप्टन आणि कालच रुजू झालेला सहवैमानिक एकाच रांगेत उभे राहतात. त्यातही विमानाचा प्रकार निर्णायक ठरतो. जेटची काही बोइंग 737 विमाने स्पाइसजेटने घेतली तेव्हा त्यांच्यासोबत जेटच्या बऱ्याच वैमानिकांनाही कामावर घेतले. एअरबस 320 किंवा बोइंग 737 चे रेटिंग जगभर चालते. थोड्याच कंपन्यांकडे असलेल्या विमानाचे रेटिंग वाईट काळात जवळजवळ निरुपयोगी होते.

तेव्हा कंपनी निवडताना पगारापेक्षा तिची रोकड, कर्ज आणि पुढील दहा वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची संख्या पाहावी. गो फर्स्टची निम्मी विमाने इंजिनांअभावी जमिनीवर उभी होती, आणि ते विमानतळावर कोणालाही दिसत होते. पगार उशिरा होऊ लागला तर दुसऱ्या उशिराची वाट न पाहता अर्ज पाठवायला लागावे. भारतात कमांडरसाठी (म्हणजे कॅप्टनसाठी) एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस लागू असल्यामुळे तर हे आणखी लवकर करावे लागते.

घरी बसण्याची वेळ आलीच, तर परवाना जिवंत ठेवणे हे पहिले काम आहे. 90 दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे नसतील तर प्रवासी नेता येत नाहीत, सिम्युलेटरमधील नियतकालिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी यांची मुदत संपत राहते, आणि हा खर्च आता कंपनी उचलत नाही. मालवाहू विमानांकडे जरूर पाहावे; 2020 मध्ये प्रवासी विमानांच्या पोटातून जाणारा माल थांबल्यामुळे तिथे उलट वैमानिकांची गरज वाढली होती. प्रशिक्षणासाठी कर्ज घेतले असेल, तर नोकरीच्या पहिल्या वर्षात राहणीमान वाढवण्याऐवजी वर्षभराचे हप्ते बाजूला काढून ठेवावेत, कारण यादीत तुम्ही सर्वांत खाली असण्याचा काळ आणि कर्ज सर्वांत जास्त असण्याचा काळ एकच असतो. परत बोलावणारे पत्र आले की उत्तर देण्याची मुदत मर्यादित असते. काही करारांत आपल्याहून कनिष्ठ कोणी उपलब्ध असेपर्यंत नकार देऊनही क्रमांक राखता येतो, म्हणून ते कलम रुजू होण्याच्या दिवशीच वाचून ठेवावे.