रिपोर्ट सांगणारा माणूस आधी ठरव

अनेक आशीर्वाद.

स्थलांतरितांच्या वस्तीत हिपॅटायटिस बीचं तपासणी शिबिर घ्यायचं म्हणतोस, आणि पत्रात विचारतोस काय, तर बॅनर केवढा करायचा नि पाहुणे कोण बोलवायचे. ते नंतर बघू. रिपोर्ट आल्यावर तो ज्याचा त्याला, त्याच्या भाषेत, कोण सांगणार आहे? आणि पॉझिटिव्ह निघालेल्याला कोणते डॉक्टर तपासणार आहेत? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर येईपर्यंत तारीख जाहीर करू नकोस. अमुक इतक्यांचं रक्त घेतलं, हे सगळेच सांगतात. त्यातले किती जण उपचारापर्यंत पोचले, असं विचारलं की फायली शोधायला लागतात.

विषाणूमुळे होणारा हा यकृताचा आजार गप्प बसून राहणारा आहे. बाळंतपणात आईकडून बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा ठाण मांडतो. धडधाकट मोठ्या माणसाला झाली तर शंभरात पाचांपेक्षा कमी जणांत. म्हणजे तुझ्यासमोर बसलेला चाळिशीचा माणूस जन्मापासून विषाणू घेऊन फिरत असेल आणि तरी त्याला काहीच होत नसेल. त्याचा आजार त्याच्या यकृताला कळतो, त्याला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोकांना हा जुनाट संसर्ग होता, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

म्हणून भाषांतराला वेळ दे. आपल्याकडेच बघ ना, या आजाराला सर्रास ‘कावीळ’ म्हणतात. मग माणूस आरशात डोळे बघतो, पिवळे नसतात, आणि म्हणतो, मला कुठं काय झालंय! इतरही काही भाषांत अशीच गफलत होते. दुसरा घोळ ‘पॉझिटिव्ह’चा. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, असं समजून लोक खुशीत घरी जातात. पत्रक एकाने भाषांतरित करावं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत आपल्या भाषेत आणावं, मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघावं. शेवटी वस्तीतल्या पाच-सहा जणांना वाचायला दे आणि ‘समजलं का?’ असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. ‘घरी जाऊन हे कसं सांगाल?’ असं विचार.

दुभाषा म्हणून पोराबाळांना कधीही उभं करू नकोस. आईच्या लैंगिक संबंधांबद्दलचा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाने विचारायचा का? नातेवाईकही नकोत, ते वाईट बातमी गाळून सांगतात. आणि बोलताना तोंड दुभाष्याकडे नव्हे, त्या माणसाकडे असू दे.

नोंदणीच्या फॉर्मवर नाव, जन्मवर्ष, घरात बोलायची भाषा, दोन फोन नंबर, आणि ‘निरोप दुसऱ्या कुणाकडे ठेवला तर चालेल का?’ एवढं पुरे. ओळखपत्र, व्हिसा, राहण्याचे कागद यातलं काही विचारू नकोस. तो एक रकाना दिसला की अर्धी रांग मागच्या दाराने निघून जाते, आणि ती का गेली हे तुला कुणी सांगतही नाही.

आता रक्त. तीन तपासण्या एकत्रच सांग: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि टोटल अँटी-एचबीसी. पहिलीने सध्याचा संसर्ग कळतो, दुसरीने संरक्षण, तिसरीने विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती का ते. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस हवी. फक्त दुसरी पॉझिटिव्ह असेल तर लसीचं संरक्षण आहे. पहिली निगेटिव्ह आणि उरलेल्या दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर संसर्ग येऊन गेलाय. पण पुढे कधी केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हे सांगायचं, असं त्याच्या कार्डावर लिहून दे. एकटी तिसरीच पॉझिटिव्ह आली तर अर्थ तू लावू नकोस, डॉक्टरांकडे पाठव.

लसीचा पहिला डोस त्याच बैठकीत दे, रिपोर्टसाठी थांबू नकोस. परत बोलावलेले निम्मे येत नाहीत असं धरूनच चाल. आधीच संसर्ग असला तरी त्या डोसाने अपाय होत नाही. मात्र रक्त आधी, सुई नंतर. क्रम चुकला तर लसीतलाच अंश तपासणीत उतरतो. लसीनंतर १८ दिवसांपर्यंत एचबीएसएजी खोटंच पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि मग एका निरोगी घरात विनाकारण रडारड.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलेल्याला फोन संध्याकाळी, कामाची पाळी सुटल्यावर कर. आधी माणूस एकटा आहे का ते विचार. मग पहिलं वाक्य आजाराचं नको. ‘यावर औषध आहे आणि तुमची डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवलीय’ हे आधी. जेवणाचं ताट वेगळं करायचं नाही, मिठी मारायला हरकत नाही, पण रेझर आणि टूथब्रश ज्याचा त्याचा. घरातल्यांची आणि जोडीदाराची तपासणी करून घ्यायची. सहा महिन्यांनी एचबीएसएजी परत. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर तो जुनाट संसर्ग. घरात कुणी गरोदर असेल तर तिचं रक्त लगेच तपासायला सांग. तीही पॉझिटिव्ह निघाली तर बाळाला जन्मानंतर १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), दोन्ही मिळायला हवीत. हे प्रसूतिगृहाला आधी कळवायचं, कळा सुरू झाल्यावर नाही.

निगेटिव्हवाल्यांनाही फोन करायचाच. नेहमीच्या तीन डोसांच्या लसीत दुसरा डोस महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तोवर अनेकांनी घर बदललेलं असतं, म्हणून तारखांचं कार्ड त्यांच्याच हातात दे. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस तेवढा घ्यायचा. हे कार्डाच्या मागे, त्यांच्या भाषेत, ठळक अक्षरात छाप. बॅनरसाठी बाजूला काढलेले पैसे यात जाऊ देत.