गुलछडीला औषध नको, विश्रांती द्या

प्रश्न: आजेसासूबाईंनी लावलेली सिंगल गुलछडी परसात आहे. सात-आठ वर्षांत हलवलेली नाही. दोन वर्षं नुसती पात माजते, दांडा एखादाच. दुकानदाराने युरिया, टॉनिक आणि दाणेदार औषध दिलंय. किती टाकू? (शेतकरी ताई, पुरंदर तालुका)

ताई, काहीच टाकू नका. तुमच्या वाफ्याला रोग नाही, दाटी झाली आहे. गुलछडीचा एक कंद एकदाच दांडा देतो. मग कडेने पिल्लं सुटतात आणि ती पोसली की पुढचे दांडे निघतात. तीन वर्षांच्या वर वाफा हलवला नाही की पिल्लं एकमेकांचं खातात, पोसत एकही नाही. अशा वाफ्यात युरिया ओतला की पात आणखी वाढते, दांडे कमी होतात, आणि पावसात कंद सडतो. असे वाफे मी दरवर्षी बघतो. दुकानातून आणलेली पिशवी बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात पडलेली असते.

करायचं ते एवढंच. डिसेंबरअखेर पाणी तोडा. पात पिवळी पडून वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत कंद काढा. खुरप्याने उकरू नका, कंद कापले जातात. कडेने कुदळ घालून गड्डा उचला. माती झाडून कंद सावलीत, हवेशीर जागी निदान महिनाभर पसरून ठेवा. ऊन नको, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. ही महिन्याची विश्रांती चुकवू नका. ओला कंद लगेच मातीत घातला की उगवण मागेपुढे होते आणि लोक पुन्हा टॉनिक आणायला धावतात.

एप्रिल-मेमध्ये लावताना सुपारीएवढे, दोन ते तीन सेंटिमीटरचे कंद निवडा. बारीक पिल्लं पहिल्या वर्षी फुलत नाहीत. ती वेगळ्या वाफ्यात वाढवा, टाकू नका. आजेसासूबाईंचं वाण त्यांच्यातच टिकून आहे. डबल गुलछडी दांड्याला भरदार दिसते, पण वासाला सिंगलची सर नाही. म्हणून हे बेणं हातचं जाऊ देऊ नका.

लागवड गादीवाफ्यावरच, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावरच करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. पुरंदरच्या काळ्या पट्ट्यात सपाट वाफ्यात पाणी साचतं, बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे दिसू लागतात, आणि झाड हाताने ओढलं की सहज निघून येतं. तीच खोडकुज. असं झाड मातीसकट काढून जाळा. लागवडीआधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर ठेवून आठ-दहा दिवस सावलीत मुरू द्या, मग वाफ्यात घाला. त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली तर ट्रायकोडर्मा मरतो. दुकानदार दोन्ही एकत्र देतो, कारण त्याच्या दोन बाटल्या खपतात.

युरिया द्यायचाच असेल तर एका चौरस मीटरला एका वेळी 10 ते 15 ग्रॅम, लागवडीनंतर 30, 60 आणि 90 दिवसांनी. चमच्याने मोजा, मुठीने नाही. दाणेदार औषधाच्या पुडीवरचं नाव वाचा. फोरेट हे कीटकनाशक असेल तर त्याची विक्री 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. ते परसात, जिथे पोरं आणि कोंबड्या फिरतात, तिथे टाकायचं नाही. बंद नसलेलं औषधही कीड दिसल्याशिवाय टाकायचं नाही.

प्रश्न: सोनटक्क्याची पानं थंडीत वाळतात. दुकानदार करपा म्हणतो, दर आठवड्याला फवारणी सांगतो. (कोल्हापूर जिल्हा)

करपा नाही, दादा. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो वाळणारच. जमिनीलगत कापा, खालून नवा कोंब येईल. फवारणी बंद करा. गुलछडीला कोरडी विश्रांती लागते, सोनटक्क्याला मात्र ओल लागते. म्हणून आपल्याकडे तो मोरीच्या पाण्यावर लावतात. गड्डा फार दाटला तर पावसाळ्याच्या तोंडाला फोडा, कोंब असलेले तुकडे उथळ लावा.

प्रश्न: मोबाइलवर ट्यूलिपचे कंद स्वस्तात मिळतात, घेऊ का?

नका घेऊ. ट्यूलिपला फुलण्याआधी बारा-चौदा आठवडे कडक थंडी लागते. काश्मीरमध्ये ती मिळते, आपल्या पठारावर मिळत नाही. थंडी दिलेला कंद आणला तर एकदा फुलेल, पुढच्या वर्षी नाही. त्या पैशात गुलछडी, भुईचाफा, कर्दळ लावा.

अनुदानाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: फलोत्पादन अभियानात कंदवर्गीय फुलांना मदत आहे, पण ती सातबाऱ्यावरच्या शेतीला, परसबागेला नाही. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर. बाकी तपशील तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक).

आणि ताई, न फोडलेली युरियाची पिशवी परत करा. पावती असेल तर पैसे मागा.