चालू नेटवर्क स्विचमधून बिघडलेलं लाइन कार्ड (केबली जोडायच्या पोर्टांचं कार्ड) काढलं तर चालतं का?

चालतं, पण बॉक्स कोणता ते आधी पाहा. सिस्को कॅटॅलिस्ट ६५०० चं लाइन कार्ड चालू स्विचमधून काढता येतं. सिस्को २९०० राउटरमधलं एचविक (HWIC, पोर्टांचं छोटं कार्ड) मात्र पॉवर बंद करूनच.

६५०० वर कॉन्फिग मोडमध्ये (सेटिंग बदलायच्या कमांड देतात तिथे) 'नो पॉवर एनेबल मॉड्यूल ३' (no power enable module 3) द्या, म्हणजे त्या कार्डाची पॉवर बंद होते. ३ हा स्लॉट, म्हणजे कार्डाचा खाचा; नंबर चुकला तर भलत्याच मजल्याचं नेट जाईल! मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, केबलींना लेबलं लावून त्या काढा. स्क्रू सैल करून दोन्ही इजेक्टर (कार्ड बाहेर ढकलणाऱ्या कडेच्या दांड्या) एकदम फिरवा. एकच ओढलात तर कार्ड तिरकं होऊन मागच्या पिना वाकू शकतात. रिकाम्या स्लॉटला झाकणपट्टी लावाच, नाहीतर थंड करणारी हवा तिथूनच निसटते. नवं कार्ड बसवल्यावर 'पॉवर एनेबल' द्यायला विसरू नका. मी एकदा अर्धा तास चांगल्या कार्डालाच शिव्या घातल्यात.