मूकपटाच्या आवृत्त्या ताडून पाहताना
सुरुवातीला एकच चित्रपट निवडून त्याच्या दोन आवृत्त्या तुम्ही लागोपाठ पाहाव्यात. १९२२ चा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ यासाठी उत्तम. त्यातील रात्रीची दृश्ये दिवसाउजेडी चित्रित करून प्रतीला निळी छटा दिलेली होती, त्यामुळे निव्वळ कृष्णधवल अशा स्वस्त डीव्हीडीत सूर्यप्रकाशाने मरणारे पिशाच्च भर उन्हात हिंडताना दिसते आणि नवखा प्रेक्षक ती दिग्दर्शकाची चूक समजतो. दुसरी नेहमीची फसगत कालावधीची: सेकंदाला १८ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) गतीने ९४ मिनिटे चालणारा चित्रपट २४ च्या गतीने सुमारे ७० मिनिटांत संपतो, तेव्हा कमी मिनिटे दिसताच प्रत कापलेली आहे असे ठरवू नये. पुनर्संचयन, म्हणजे जुना चित्रपट पुन्हा मूळ रूपात आणण्याचे काम, कोणी व कोणत्या प्रतीवरून केले हे वेष्टनावर नसेल, तर ती आवृत्ती खुशाल बाजूला ठेवावी. संगीताची तुलना नंतर करता येईल. बिटरेटची, म्हणजे डिजिटल प्रतीत दर सेकंदाला किती माहिती साठवली आहे याची, तर आत्ता मुळीच नको.