‘दिशा’ एकच, कोन मात्र तीन

किनाऱ्यालगतचं नौकानयन शिकवणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय: “कोर्स, हेडिंग आणि बेअरिंग, तिन्हींसाठी शिकवताना माझ्या तोंडून ‘दिशा’च निघतं, आणि पोरं चार्टवर भलतीच रेघ ओढतात. मराठीत तीन वेगळे शब्द आहेत का, की इंग्रजीच ठेवू? ‘चार्ट’ला नकाशा म्हणावं का? आणि ‘ताशी पाच नॉट’ बरोबर की चूक?”

पोरांचा दोष नाही. ‘दिशा’ हा शब्द मुळातच फार ऐसपैस आहे. कुठे जायचं ती दिशा, तोंड कुठे आहे ती दिशा, अमुक वस्तू कुठे दिसते तीही दिशाच. जमिनीवर हे खपून जातं, कारण रस्त्याने चालणारा माणूस जिकडे जायचं तिकडेच तोंड करून चालतो. पाण्यावर तसं नसतं. होडीचं तोंड एकीकडे असतं आणि प्रवाह-वाऱ्याच्या रेट्याने ती सरकते दुसरीकडेच. त्यामुळे तिथे तीन कोन लागतात आणि तिन्हींना एकच नाव दिलं की घोटाळा होणारच.

आधी चार्टचं बोलू, ते सोपं आहे. ‘नकाशा’ चूक नाही, पण नुसतं ‘नकाशा’ म्हटलं की डोळ्यांपुढे जमीन येते: रस्ते, गावं, डोंगर. चार्टवर जमीन बहुधा रिकामी असते. माहिती असते ती पाण्याची. कुठे किती खोल, तळ वाळूचा की खडकाचा, कुठला बोया (पाण्यावरची तरंगती खूण), कुठल्या दीपगृहाचा उजेड किती सेकंदांनी. म्हणून लिहिताना पहिल्यांदा ‘सागरी नकाशा’ म्हणावं आणि पुढे खुशाल ‘चार्ट’. ‘तक्ता’ मात्र नको. भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची देणारे तक्ते चार्टशेजारीच पडलेले असतात, आणि ‘तक्ता बघ’ म्हटल्यावर विद्यार्थी नेमकं काय उघडणार? ‘आलेख’ तर गणिताकडे नेतो.

चार्ट हा परका शब्द आहे म्हणून कुणी नाक मुरडत असेल, तर त्याने होडीवरचे बाकीचे शब्दही तपासून पाहावेत. ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आला, ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून, ‘बंदर’ फारसीच, आणि खुद्द ‘नकाशा’ही अरबी-फारसीतूनच आलेला. समुद्रावरची मराठी पहिल्यापासून असे शब्द उचलून आपलेसे करत आली आहे. तेव्हा शब्द देशी की परका हे न बघता दोन गोष्टींची दोन नावं आहेत की नाहीत ते बघा.

आता ते तीन कोन. माझी निवड सांगतो: कोर्सला ‘मार्ग’, हेडिंगला ‘रोख’ आणि बेअरिंगला ‘वेध’.

‘मार्ग’ म्हणजे चार्टवर आखलेली रेघ, जमिनीच्या, खरं तर समुद्रतळाच्या, हिशेबाने होडी जिथून सरकायला हवी ती. यात फारसा वाद नसावा.

‘रोख’ हा फारसी ‘रुख’च्या, म्हणजे चेहऱ्याच्या, घराण्यातला शब्द. बंदुकीचा रोख, बोलण्याचा रोख आपण रोज म्हणतो. कशाचं तोंड कुठे वळलंय एवढंच तो सांगतो, ते पुढे तिथे पोचेल की नाही याची हमी देत नाही. हेडिंगचाही नेमका हाच अर्थ आहे: होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आत्ता कुठे बघतेय. ‘रोख’ म्हणजे नगद हा अर्थही आहे, त्यावरून वर्गात एकदा हशा पिकेल. पिकू द्या, शब्द लक्षात राहील.

‘वेध’ माझा आवडता: होडीतून एखादी खूण, समजा दीपगृह, कोणत्या कोनात दिसते तो. पारिभाषिक मराठीत ‘दिगंश’ आहे आणि तो अचूक आहे, पण वाऱ्यात ओरडून ‘दिगंश काढ’ म्हणायचा शब्द नाही तो. शिवाय दिगंश हे कोनाचं नाव झालं. होडीवर आपल्याला क्रियापदही हवं असतं. ‘वेध घेणे’ हे क्रियापद मराठीत तयारच आहे. ‘वेधशाळा’ त्यातूनच आली. ‘व्यध्’ म्हणजे भोसकणे, आरपार जाणे. लक्ष्यवेध, कर्णवेध हे त्याचेच भाऊबंद. नजरेची सरळ रेघ दीपगृहाच्या आरपार जाते आणि तीच रेघ मग चार्टवर उतरते, म्हणजे शब्दाने चित्रही दिलं. ‘बेअरिंग’चा आणखी एक तोटा असा की यंत्राची ओळख असलेल्या माणसाला आधी छर्‍यांचं कडं आठवतं.

एक उदाहरण मांडून बघू. होडीला पूर्वेला, म्हणजे (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांसारखं मोजत) ०९०° ला जायचंय. पाण्यातून तिचा वेग ५ नॉट, म्हणजे ताशी ५ सागरी मैल. प्रवाह सरळ दक्षिणेकडे वाहतोय, २ नॉटने. चार्टवर निघायच्या जागेपासून ०९०° ची रेघ ओढा, हा मार्ग. त्याच जागेपासून दक्षिणेला २ मैलांची रेघ ओढा, हा प्रवाहाचा एक तास. आता कर्कटक ५ मैलांइतकं उघडा, एक टोक प्रवाहाच्या रेघेच्या शेवटी ठेवा आणि दुसऱ्याने मार्गाची रेघ छेदा. प्रवाहाच्या टोकापासून या छेदापर्यंतची रेघ ०६६° च्या आसपास येते. हा झाला रोख. तासाभरात होडी मार्गावर साधारण ४.६ मैल सरकेल. आणि वाटेत एक दीपगृह ०४०° ला दिसलं, तर तो वेध.

मार्ग ०९०, रोख ०६६, वेध ०४०. होडी एकच, वेळही एकच. इथे तिन्हींना ‘दिशा’ म्हणून बघा, वाक्यच उभं राहत नाही. आणि सुकाणूवरच्या माणसाला काय सांगायचं? तर रोख. मार्ग सांगितलात तर तो इमानेइतबारे नाळ ०९० ला धरेल आणि होडी दक्षिणेला घसरत जाईल. इंग्रजीतही हे फार नेटकं आहे असं समजू नका. तिथल्या पुस्तकांतला ‘कोर्स टू स्टिअर’ हा नावाने कोर्स असला तरी कामाने आपला रोखच आहे. भाषांतर करताना तिथे ‘मार्ग’ लिहिलंत तर चूक होईल.

रोखाच्या पोटातही तीन प्रकार आहेत, पण विशेषणं लावून काम भागतं. ०६६ हा ‘खरा’ रोख. त्या जागी चुंबकीय दिक्पात, म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक, ३° पश्चिम असेल तर ‘चुंबकीय’ रोख ०६९. होडीवरच्या लोखंडामुळे होकायंत्रात या रोखावर २° पूर्व विचलन येत असेल तर ‘होक्याचा’ रोख ०६७. ‘दिक्पात’ आणि ‘विचलन’ हे शब्द मात्र कटाक्षाने वेगळे ठेवा. पहिला जागेनुसार आणि वर्षागणिक बदलतो, तो चार्टवरच्या दिशाचक्रात छापलेला असतो. दुसरा ज्या त्या होडीचा आणि नाळ कुठे वळली आहे त्यावर बदलणारा. दोघांनाही ‘होकायंत्राची चूक’ म्हणणारी टिपणं मी पाहिली आहेत. मग एकच चूक दोनदा कशी दुरुस्त करायची, असं विद्यार्थी विचारतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

होकायंत्रावरून आठवलं. वर्गात ‘कंपास’ म्हणू नका. मराठी शाळेत शिकलेल्याच्या डोक्यात कंपास म्हणजे वर्तुळ काढायचं साधन, आणि कंपासपेटी म्हणजे अख्खा डबा. त्या डब्यातला एक शब्द मात्र आयता उपयोगी आहे: कर्कटक. चार्टवर अंतर मोजायचं दोन टोकांचं साधन ते हेच. ‘कर्कट’ म्हणजे खेकडा. चार्टवर पाय टाकत चाललेलं कर्कटक पाहिलंत तर नाव कुणी ठेवलं असेल त्याला दाद द्याल. अंतर मात्र चार्टच्या उभ्या कडेवरच्या अक्षांशांवर मोजायचं, तेही होडी जिथे आहे त्याच उंचीवर. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल. वरच्या-खालच्या कडेवरच्या रेखांशांवर ते कधीच मोजायचं नाही.

पुन्हा वेधाकडे येतो, कारण खरा सापळा शब्दात नसून विभक्तीत आहे. ‘दीपगृहाचा वेध ०४०’ असं म्हटलं की आपल्याला कळतं, आपण होडीतून दीपगृहाकडे बघतोय. पण ‘चा’ प्रत्यय दोन्हीकडे वळतो. नवखा विद्यार्थी पट्टी दीपगृहावर ठेवतो आणि तिथून ईशान्येकडे ०४० ची रेघ ओढतो. होडी चक्क जमिनीवर चढते. खरं तर रेघ दीपगृहातून मागे, म्हणजे २२० कडे, ओढायला हवी. म्हणून शिकवताना ‘चा’ टाळा आणि ‘-कडे’ व ‘-पासून’ वापरा: ‘होडीपासून दीपगृहाकडे ०४०’. संकटात आपली जागा कळवताना नेमकं उलटं सांगायचं असतं: ‘दीपगृहापासून २२०, तीन मैल’. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून ठेवा.

असाच घोटाळा वारा आणि प्रवाह यांच्यात होतो. ‘दक्षिणेचा वारा’ दक्षिणेकडून येतो, पण प्रवाहाचं नाव तो जिकडे जातो त्यावरून ठेवायची नाविकांची रीत आहे. आता ‘दक्षिणेचा प्रवाह’ म्हटलं की ऐकणारा वाऱ्याच्या सवयीने तो दक्षिणेकडून आणतो, आणि वरचा सगळा त्रिकोण उलटा होऊन रोख ०६६ ऐवजी ११४ निघतो. यावर मराठीत फार सुरेख उपाय आहे. नदीला आपण ‘पूर्ववाहिनी’, ‘पश्चिमवाहिनी’ म्हणतो आणि ती कुठून कुठे वाहते याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. तर प्रवाहाला ‘दक्षिणवाही’ म्हणा. वाऱ्याला ‘दक्षिणेचा’च राहू द्या.

‘डेड रेकनिंग’बद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण ‘मृत गणना’ असा अवतार वाचनात आला आहे. नुसता रोख, वेग आणि गेलेला वेळ यांवरून काढलेल्या जागेला ‘हिशेबी जागा’ म्हणा, त्यात प्रवाह धरला की ‘अंदाजी जागा’. आणि दोन-तीन वेध छेदून मिळाली की ‘पक्की जागा’. तीन वेधांच्या रेघा एका बिंदूत न मिळता छोटा त्रिकोण करतात. त्याला ‘चुकीचा त्रिकोण’ म्हटलंत तर विद्यार्थी तो खोडून नवा काढेल. ‘चुकीचा त्रिकोण’ म्हणजे चूक झालेला त्रिकोण, आणि आपल्याला म्हणायचं असतं चूक किती ते दाखवणारा. ‘त्रुटीत्रिकोण’ जरा जड आहे, पण निदान खोडला जात नाही.

अंकांबद्दल एक ताकीद. रोख आणि वेध नेहमी तीन आकड्यांत आणि सुटे सुटे म्हणावेत: ‘शून्य सहा तीन’. ‘त्रेसष्ट’ नको. मराठीत एकक आधी ऐकू येतो, ‘त्रे-’ कानावर पडताच हात ३ लिहायला लागतो आणि घाईत ०३६ होऊन बसतं. इंजिनाच्या आवाजात ‘सत्तावन्न’ आणि ‘सत्त्याण्णव’ यांतलं ‘सत्त’ तेवढं पोचतं. एकोणसाठ-एकोणसत्तरचं तर बोलायलाच नको. आपली संख्यानामं बाजारहाटाला ठीक आहेत, सुकाणूवर नकोत.

याउलट उपदिशांच्या नावांत मराठीचा हात धरणारं कुणी नाही. आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, ईशान्य ही एकेका शब्दाची, एकमेकांसारखी न ऐकू येणारी नावं आहेत. ‘बोया आग्नेयेला ठेवून जा’ हे एका दमात कळतं.

राहिलं ‘ताशी पाच नॉट’. चूक. पूर्वी जहाजावरून दोराला बांधलेली फळी पाण्यात टाकत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत दोराच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. २८ सेकंदांचं घड्याळ असेल तर गाठी ४७ फूट ३ इंचांवर, म्हणजे सुमारे १४.४ मीटरवर, असत. १,८५२ मीटरच्या सागरी मैलाशी त्रैराशिक मांडून पाहा, जुळतं. म्हणजे नॉटच्या पोटात तास आधीच आहे, ‘ताशी’ जोडलं की तो दोनदा मोजला जातो. ‘५ नॉट’ म्हणा, नाहीतर ‘ताशी ५ सागरी मैल’. ‘पाच गाठी’ असं भाषांतर मात्र करू नका, ऐकणारा दोर बघायला जाईल.