ठणका थांबला, मग दाढ बरी झाली का?

वाचकांचे प्रश्न, दंतवैद्याची उत्तरं

संक्रांत झाली की आमच्या दवाखान्यातली गर्दी आणि या सदराचं टपाल एकदमच वाढतं. चिक्कीच्या गुळाची वडी, दातांनी सोललेला ऊस, काटेरी हलवा, आणि मग ‘डॉक्टर, दाढ!’ आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. पत्रं कापली आहेत, नावं गाळली आहेत.

बहुतेक जण कुठे दुखतं ते अगदी बारकाईने लिहितात. मला त्याहून जास्त उपयोग होतो तो वेळेचा. गार लागल्यावर कळ किती वेळ राहते, रात्री जाग येते का, चावताना दुखतं की चावा सोडताना, हे लिहीत चला. जागेच्या बाबतीत दात सपशेल फसवतो. किडलेली असते खालची दाढ आणि माणूस वरच्या दाढेवर बोट ठेवतो, हे आमचं रोजचं आहे. उजवी-डावी बाजू मात्र सहसा चुकत नाही.

प्रश्न : वय ४४, शाळेत शिक्षक आहे. गेल्या महिन्यात उजव्या दाढेत असा ठणका लागला की रात्री आडवं होता येईना, खुर्चीत बसून झोपत होतो. चहा तोंडात घेतला की जीव जायचा. गार पाण्याची चूळ धरली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला. चौथ्या दिवशी दुखणं साफ थांबलं. आता गार-गरम काही लागत नाही. सौ. म्हणते दाखवून या. मी म्हणतो, बरं झालेलं उकरायचं कशाला? – एक वाचक, बार्शी

उत्तर : गुरुजी, वहिनींचं ऐका. तुमची दाढ बरी झालेली नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिची नस मेली असावी.

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्याला संवेदना नाही. त्याच्या आतल्या थराला डेंटिन म्हणतात. त्यात मध्यापर्यंत जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. आणि अगदी मध्यभागी मऊ गर असतो, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा. आपण त्याला सरसकट ‘नस’ म्हणतो. कीड कवचात असते तोवर काहीच कळत नाही. डेंटिनपर्यंत पोचली की गार आणि गोड लागायला लागतं, पण कळ येते आणि काही सेकंदांत जाते. या टप्प्यावर आलात तर साफ करून सिमेंट भरलं की काम भागतं. बहुतेक लोक या टप्प्यावर येत नाहीत. दुसऱ्या बाजूने चावायला लागतात.

पुढचा टप्पा तुम्ही खुर्चीत बसून काढलात तो. नसेला सूज येते. हाताला सूज आली तर कातडी ताणते, जागा होते. दाताच्या भिंती मात्र ताणत नाहीत, त्यामुळे आतला दाब शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा चढत जातो. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका दुप्पट होतो. दाढ रात्रीच का दुखते, याचं बरंचसं उत्तर यात आहे. गरम लागल्यावर कळ मिनिटं-मिनिटं रेंगाळणं, काही न खाता आपोआप ठणकणं, गार पाण्याने उलट आराम पडणं, ही नस वाचण्यापलीकडे गेल्याची लक्षणं. मग दाबाने रक्तपुरवठाच बंद पडतो, नस मरते, आणि दुखणं थांबतं.

श्रेय गोळ्यांना मिळतं. पण गोळीतलं औषध पोचतं रक्तातून, आणि जिथे रक्तच पोचत नाही तिथे ते काय करणार? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे : एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाला ताप किंवा पसरलेली सूज नसेल, तर नुसत्या दाढदुखीसाठी अँटिबायोटिक देऊ नये, दातावर उपचार करावा. मेडिकलच्या काउंटरवर हे कोण सांगणार, म्हणून इथे सांगते.

आता मेलेल्या नसेत जंतू वाढत राहतील आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतील. महिनोन्महिने शांतता असू शकते. मग एखाद्या दिवशी चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटेल, हिरडीवर पुटकुळी येऊन पू येईल, किंवा सकाळी गाल सुजलेला असेल. एक्स-रे काढून घ्या. दाढ टिकण्यासारखी असेल तर रूट कॅनॉल, नसेल तर काढणं, दोनच रस्ते आहेत. रूट कॅनॉल केलंत तर वर कॅप बसवा. ‘दुखत नाही’ म्हणून कॅप टाळणारे पेशंट पुढे दुभंगलेली दाढ घेऊन येतात, आणि ती काढावीच लागते. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हेच उपचार बरेच स्वस्तात होतात. फेऱ्या जास्त पडतात, एवढंच.

प्रश्न : तिळाची कडक वडी खाल्ल्यापासून डाव्या दाढेत मधूनच जीवघेणी कळ येते. चावताना नाही, चावा सोडताना. एक्स-रेमध्ये काही नाही म्हणाले. माझ्या मनाचे खेळ आहेत का? – एक वाचक, लोणावळा

उत्तर : मुळीच नाही. दाढेला तडा गेला असावा. चावा सोडताना येणारी कळ ही तड्याची खूणच आहे, आणि बारीक तडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाहीत. एकेका उंचवट्याखाली काहीतरी चावायला देऊन ते शोधावे लागतात. पुन्हा जाताना ‘सोडताना दुखतं’ हे शब्द न विसरता सांगा. लवकर कॅप बसली तर दाढ वाचू शकते. तोवर त्या बाजूने सुपारी, फुटाणे, चिक्की बंद. लोणावळ्यात राहून अवघड आहे, कल्पना आहे.

प्रश्न : आमच्या आत्याबाई (माझ्या सासूबाई) तीसेक वर्षं मिसरी लावतात. दात गार पाण्याने शिवशिवतात, पण मिसरी लावली की बरं वाटतं म्हणतात. आता शेजारच्या गावात एक बाई भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाताचे किडे काढते, तिथे जायचं म्हणतात. गेल्या वेळी पाण्यात पडलेले पांढरे किडे त्यांनी स्वतः पाहिलेत. त्यांना काय सांगू? – एक सूनबाई, कराड तालुका

उत्तर : आत्याबाई खोटं बोलत नाहीत, त्यांनी पांढरं काहीतरी पाहिलंच असणार. बिया निखाऱ्यावर तापून फुटतात आणि आतला पांढरा अंकुर बाहेर पडतो. तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. तोंडात कोणी नसलं आणि नुसत्या बिया भाजल्या तरी ‘किडे’ पडतात. घरी करून दाखवा, वाद मिटेल. दात किडतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. आपण खाल्लेल्या साखरेचं ते आम्ल करतात आणि आम्ल दात विरघळवतं.

मिसरीचं म्हणाल तर ती भाजलेली तंबाखूच. बरं वाटतं ते तलफ भागते म्हणून. बोटाने रोज घासून दात झिजतात, हिरड्या खाली उतरतात आणि मुळं उघडी पडतात. मुळांवर इनॅमल नसतं, म्हणून शिवशिव. मऊ ब्रश आणि शिवशिवीसाठी मिळणारी फ्लोराइडची पेस्ट सुरू करा. फरक पडायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका.

पण सूनबाई, मला त्यांच्या दातांपेक्षा गालाची आणि हिरडीची जास्त काळजी वाटते. उजेडात बसवून ओठ बाजूला करून बघा. पुसूनही न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, आपोआप हलायला लागलेला दात, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं, यातलं काहीही असेल तर लगेच दाखवा. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी आपल्याकडच्या बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत. धुरीवालीकडे जायला त्या तयार आहेत ना? मग त्याच दिवशी, त्याच एसटीने आधी दवाखान्यात घेऊन जा.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे. जिना चढताना खालच्या जबड्यात डावीकडे दुखतं, थांबलं की पाच मिनिटांत थांबतं. दोन दंतवैद्यांनी दात चांगले आहेत म्हणून सांगितलं. एखादी दाढ काढून बघावी का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हे पत्र छापून यायची वाट न बघता मी फोन केला होता. इतरांसाठी इथे देते. चालण्या-चढण्याने येणारी आणि विश्रांतीने थांबणारी जबड्याची कळ हृदयाची असू शकते, छातीत काहीही होत नसलं तरी. आधी ईसीजी आणि फिजिशियन. आणि अशी कळ बसल्या जागी आली, थांबेना, घाम फुटला, दम लागला, तर थेट १०८ ला फोन.

दाताचा दोष नसलेली दाढदुखी आणखीही असते. सर्दीनंतर वरच्या एकाच बाजूच्या सगळ्या दाढा दुखणं आणि खाली वाकलं की वाढणं, हे सायनसचं असतं. वारा लागला किंवा चूळ भरली की विजेसारखा झटका आणि मग काही नाही, हे चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं. त्यापायी एकामागून एक चांगल्या दाढा काढून घेतलेली माणसं पाहिली आहेत. कारण सापडल्याशिवाय दाढ काढू देऊ नका, डॉक्टर कितीही मोठा असो.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. दाढ रात्री ठणकते. घरचे म्हणतात, बाळंतपण होईपर्यंत कळ काढ. – एक वाचक, परभणी

उत्तर : कळ काढू नका. चौथा ते सहावा महिना दातांच्या कामासाठी सगळ्यात सोयीचा. बधिर करायचं नेहमीचं इंजेक्शन चालतं, गरज पडली तर शिशाचा ॲप्रन घालून एक्स-रेही चालतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत. टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिकंही नकोत, त्याने बाळाच्या दातांचा रंग बिघडतो. पाचवा महिना आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. घरच्यांना म्हणावं, हाडात पू घेऊन नऊ महिने काढणं बाळाला जास्त वाईट.

प्रश्न : वय २१. अक्कलदाढेमागची हिरडी सुजली आहे. तोंड दोन बोटंच उघडतं. मित्राने डिस्प्रिनची गोळी दाढेपाशी धरायला सांगितली, तिथे आता पांढरी जखम झाली आहे. पेपर दहा दिवसांवर आहेत. – एक वाचक, पुणे

उत्तर : डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, आणि ते आम्ल आहे. गालाशी धरलं तर गाल भाजतो. गोळी पोटात जाऊन काम करते, दाढेशेजारी बसून नाही. लवंगेच्या तेलाचंही तसंच. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर, तोही किडलेल्या खड्ड्यात ठेवला तर तात्पुरता बधिरपणा येतो. हिरडीवर ओतलं तर भाजतं.

अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं, त्याखाली अन्न अडकून जंतू वाढतात. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भर. पॅरासिटामॉल ५०० च्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात आठच्या वर कधीही नाही. पण उद्याच दाखव, पेपरांनंतर नको. झाकणाखालचं साफ करायला थोडाच वेळ लागतो. दाढ काढायचीच असेल तर ती सूज उतरल्यावर बघू.

तोंड कमी उघडतंय, म्हणून एक गोष्ट रूममेटलाही वाचायला दे. सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, जीभ वर ढकलल्यासारखी झाली, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर दंतवैद्याची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. रात्र असो की पहाट, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. खालच्या दाढेचा पू जिभेखाली पसरला की काही तासांत श्वासनलिका दाबली जाऊ शकते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, आणि अजूनही माणसं यानेच दगावतात, तीही दाढदुखी अंगावर काढून. मधुमेह असेल त्यांनी तर गालावर साधी सूज दिसली तरी थांबू नये.

प्रश्न : वरची दाढ काढली की डोळ्यांची नजर कमी होते म्हणतात, खरं का? डॉक्टरांनी काढायला सांगितली आहे, घरचे नको म्हणतात. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. चाळिशीत दाढा काढायची वेळ येते आणि चाळिशीतच चष्मा लागतो, म्हणून एकाचं खापर दुसऱ्यावर फुटतं. काढून घ्या. हवं तर आदल्या दिवशी डोळे तपासून नंबर लिहून ठेवा, म्हणजे घरच्यांना दाखवायला कागद होईल.